सालीचा साप

"टेप सुरू आहे, मिसेस पोतनीस. बोला तुम्ही."

बोला. बावीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

खोलीला खिडकी नव्हती. टेबलाच्या मधोमध टेपचं यंत्र, त्याचा लाल दिवा, पलीकडे युरोपच्या स्पर्धा खात्याच्या अधिकारी लेहतोबाई, आणि माझ्या शेजारी आमचा अशील ग्रूबर, रुमालानं मान पुसत बसलेला. बाहेर ब्रसेल्सचा नोव्हेंबर होता. तिथे नोव्हेंबरात सकाळी दहाला सुद्धा घरातलं कुणी गेल्यासारखा उजेड असतो. हे मी वाढवून सांगत नाहीये. बाकी पुष्कळ गोष्टी वाढवून सांगते, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बेल्जियममध्ये कबुतरांना पासपोर्ट लागतो आणि मी एकदा तिथल्या एका मंत्र्याच्या कुत्र्याला पोहे खाऊ घातले, असं माझी नातवंडं शाळेत सांगून मार खाऊन आलेली आहेत. हे मात्र जसं झालं तसं सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझं काम होतं स्पर्धेच्या कायद्याचं. कंपन्यांनी एकमेकींशी भावात चढाओढ करावी, असा युरोपातला दंडक. चोरून एकत्र बसून भाव ठरवला की गुन्हा. आणि या गुन्ह्यात एक चमत्कारिक सवलत आहे. टोळीतला जो पहिला जाऊन सगळं ओकेल, त्याला पूर्ण माफी. दुसऱ्याला अर्धीमुर्धी. बाकीच्यांचं मरण. लहानपणी लोणच्याची बरणी फुटली की आम्ही भावंडं आईकडे धावत सुटायचो, पहिला पोचेल तो वाचला, तसंच. फक्त इथे धावणारे टाय लावून धावतात.

आणि कबुली कागदावर द्यायची नाही, तोंडानं द्यायची. कागद दिला की तो उद्या अमेरिकेतल्या कुठल्यातरी कोर्टात उगवतो आणि कंपनीला तिथेही खेचतात. म्हणून वकिलानं बंद खोलीत बोलायचं, खात्यानं टेप करायचं.

ग्रूबरची कंपनी ऑस्ट्रियातली. शवपेटीच्या कड्या करायची. तिकडे माणसाला पेटीत घालून पुरतात, पेटीला सहा कड्या लागतात, आणि बाप मेलेला माणूस दुकानात कड्यांचा भाव करत बसत नाही. हे ओळखून काही कंपन्यांनी तीन वर्षं एका हॉटेलात बसून भाव चढवत नेला होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. अशा बैठकीच्या दिवशी ग्रूबर डायरीत लिहायचा, 'आजीचा अंत्यविधी.' तीन वर्षांत त्याची आजी अकरा वेळा वारली होती.

"खऱ्या आजी किती तुमच्या?" मी त्याला विचारलं होतं.

"दोन. दोघी माझ्या जन्माआधीच गेल्या," तो म्हणाला. "मला कुणाच्या अंत्यविधीला जायलाच मिळालं नव्हतं."

एरवी बोलायला आमच्या फर्मचा मोठा साहेब देक्लर्क जायचा. बावीस वर्षं मी लिहिलं आणि तो बोलला. मी नवऱ्याच्या नोकरीमागे त्या गावात आलेली नागपूरची बाई, पुन्हा शिकून वकील झालेली. माझं लिखाण सगळ्यांना आवडायचं, माझा आवाज कुणाला ठाऊक नव्हता. त्या दिवशी पहाटे देक्लर्कला मुतखड्याची कळ आली. इस्पितळातून त्यानं फोन केला.

"कुंदा, तूच जा. सगळं तूच लिहिलंयस. वाचायचं आणि यायचं. पदरचं काही घालू नकोस."

मी गेले. खालच्या मजल्यावर, पाहुण्यांच्या खुर्चीत, व्हिटकम नावाचा वकील छत्रीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. तो दुसऱ्या एका कडीवाल्या कंपनीचा. तोही ओकायलाच आला होता. आमचा नंबर आधी लागलेला, पण नुसता नंबर पुरत नाही. आम्हाला संध्याकाळी पाचपर्यंत वेळ होता. तोवर आमची कबुली खात्याच्या पसंतीस उतरली नाही, तर त्याला वर बोलावणार होते.

मी वाचायला लागले. तारखा, हॉटेल, भाव. लेहतोबाई लिहीत होत्या. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मार्चची बैठक. तुम्ही म्हणता चार कंपन्या. नावं तीनच आली."

"हो."

"तिघांचं मला दुसरं कुणीही सांगेल." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "चौथा कोण, आणि तो खोलीत होता का, हे तुम्ही सांगू शकता का?"

ग्रूबर मान पुसायचा थांबला. आदल्या संध्याकाळी मी त्याला हेच चार वेळा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "फुर्तादो. पोर्तुगालचा. हॉटेलात होता हे नक्की. खाली टोपी मांडीवर घेऊन बसलेला मी पाहिला. वर आला की नाही... आला असेल." माझ्या वहीत मी तेवढंच लिहून घेतलं होतं, 'आला असेल.'

त्या 'असेल'वर मी बोट ठेवून बसले होते. पाचला बावन्न मिनिटं होती. व्हिटकमची छत्री मला डोळ्यांसमोर दिसत होती.

"फुर्तादो," मी म्हणाले. "पोर्तुगालचे. लहान कंपनी आहे त्यांची. खिडकीपाशी बसले होते."

लेहतोबाईंनी पेन उचललं. "काय बोलले?"

"काहीच नाही. संत्रं सोलत होते."

आता हे कुठून आलं? तोंडातून आलं. लेहतोबाई लिहायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. सकाळपासून पहिल्यांदा. गोष्ट सांगणाऱ्याला समोरच्याचे असे डोळे दिसले ना, की मग त्याला बाकी काही दिसत नाही.

"सबंध वेळ सोलत होते," मी म्हणाले. "साल एकदाही तुटू दिली नाही. सोलून झाल्यावर टेबलावर तिचं वेटोळं करून ठेवलं. सापासारखं. टोकाची साल वर उभी, फण्यासारखी. मग भाव ठरला, आणि त्यांनी एक फोड तोंडात टाकली."

लेहतोबाईंनी ते सगळं उतरवून घेतलं.

"म्हणजे त्यांनी आक्षेप घेतला नाही," लेहतोबाई म्हणाल्या.

"नाही."

"उठून गेले नाहीत. मी तुमच्यात नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले नाहीत."

"नाही."

"मग झालं," त्या म्हणाल्या.

आमच्या कायद्याची ही रीत आहे. भाव ठरवायच्या बैठकीला तुम्ही बसलात आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही, तरी तुम्ही त्यात आलात. सुटायचं तर तिथल्या तिथे सांगावं लागतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गप्प बसणाऱ्याला निर्दोष धरत नाहीत.

पाचला दहा मिनिटं असताना आमची कबुली मंजूर झाली. खाली आलो तर व्हिटकम उठून छत्री झटकत होता, कोरडी. बाहेर पडताना ग्रूबर मला म्हणाला, "बरं झालं तुम्हाला संत्र्याचं आठवलं. मी साफ विसरलो होतो."

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

देक्लर्क आठ दिवसांनी इस्पितळातून परतला. टेपवरून उतरवलेला मजकूर त्यानं खात्यात जाऊन वाचला आणि माझ्या टेबलाशी आला. "संत्रं," एवढंच म्हणाला, आणि हसून माझ्या खांद्यावर थाप मारली. जानेवारीत फर्मच्या कागदावर माझं नाव छापून आलं, भागीदारांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी. मी तो कागद बाबांच्या फोटोशेजारी ठेवला. बाबा असते तर पेढे वाटले असते आणि त्यासोबत दहा थापाही.

फुर्तादोचं काय झालं असेल, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण ग्रूबर म्हणालाच होता ना, आला असेल. आणि असेल तर संत्रं काय नि सफरचंद काय.

पुढे तेरा महिन्यांनी सुनावणी लागली.

मोठं सभागृह. काचेच्या खोपट्यांत दुभाषे बसलेले. प्रत्येक कंपनीचं टेबल वेगळं, समोर नावाच्या पाट्या. आम्ही माफी मिळालेले, म्हणून आमचं टेबल खात्याच्या जवळ, खिडकीशी. लग्नात मुलाकडची मंडळी बसतात तसे आम्ही बसलो होतो. आणि समोर पार टोकाला, दाराजवळ, एक म्हातारा. सावळा, टक्कल, उन्हानं रापलेलं कपाळ, टोपी मांडीवर. शेजारी त्याचा वकील, गावाकडचा, जमिनीच्या तंट्यांची सवय असलेला, सारखे कागद पाडत होता.

दंडाचा जो अंदाज खात्यानं काढला होता त्यात बाकीच्या कंपन्यांना खोकला झाला असता. या म्हाताऱ्याची फाउंड्री मात्र बंद पडणार होती. सत्तावीस माणसं होती तिथे. हे त्याच्या वकिलानं सांगितलं, आणि मग एक कागद वर धरला.

"डॉक्टरांचं पत्र आहे. श्रीयुत फुर्तादोंना संत्रं सोसत नाही. खाणं सोडाच, सालीला हात लागला तरी अंगावर पित्त उठतं, गांधी येतात. लहानपणापासून. मग जबाबातला संत्रं सोलणारा माणूस हे असणार कसे?"

सभागृहात कुणीतरी हसलं. लेहतोबाई हसल्या नाहीत, त्या तशा नव्हत्या. त्यांनी पत्राची तारीख पाहिली.

"हे गेल्या महिन्यातलं आहे. घरच्या डॉक्टरांचं," त्या म्हणाल्या. "आणि फळ संत्रं होतं की दुसरं काही, हा मुद्दा नाही. जबाब विश्वासार्ह वाटतो तो अशाच गोष्टींमुळे. इतका बारीक तपशील कुणी रचून सांगत नाही."

मी समोरच्या कोऱ्या कागदावर पेन टेकवलं होतं. त्याची शाई पसरत गेली.

मग पंधरा मिनिटांची सुट्टी झाली. मी बाहेर व्हरांड्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. तिथे कॉफी होती आणि एका थाळीत स्पेनची छोटी संत्री. खाली रस्त्यावर दिवे लागलेले, दुपारचे तीन वाजलेले.

"पोतनीस म्हणजे आपली ना गो बाय?"

मी दचकून वळले. टोपी हातात घेऊन तो म्हातारा उभा होता.

"पाटीवर वाचलं," तो म्हणाला. "म्हटलं पोतनीस काय बेल्जियमचे नसतात."

"मी नागपूरची," मी म्हणाले. समोरच्या पक्षाशी असं बोलायचं नसतं. मी वकील, मला ठाऊक होतं. पण त्या इमारतीत मला कुणी 'गो' म्हटलं नव्हतं.

"नागपूर लांब. मी मडगावचा. कायतान फुर्तादो." मग खिडकीबाहेर बघून म्हणाला, "पण इथून बघितलं तर मडगाव नि नागपूर एकमेकांना लागूनच."

"मराठी कुठे शिकलात?"

"मुंबईत. धोबीतलावला आमच्या गाववाल्यांची खोली होती, तिथे चार वर्षं काढली, बोटीवर नोकरी लागेपर्यंत. खाली मालवणी बाईची खानावळ. तिच्या शिव्या खाऊन मराठी शिकलो. जेवणापेक्षा शिव्या जास्त मिळायच्या." तो हसला. दोन दात नव्हते. "बोटीवरनं पोर्तुगालला उतरलो, तिथे फाउंड्रीवाल्याच्या मुलीनं धरून ठेवलं. बत्तीस वर्षं झाली, कड्या ओततोय. पितळेच्या. ह्या बाकीच्यांच्या कड्या नुसत्या दाखवायच्या असतात गो. प्लास्टिक, वर मुलामा. लोक पेटी खालनं धरतात आणि कडीला नुसता हात लावतात. माझी कडी धरून उचल म्हणावं पेटी. मेलेला बसला उठून तरी तुटायची नाही."

मलाही हसू आलं. हाताला काहीतरी हवं म्हणून मी थाळीतलं एक संत्रं उचललं.

"त्या दिवशी हॉटेलात कशाला गेला होतात मग?" मी विचारलं.

"त्यांनी बोलावलं होतं. सांगायला गेलो, मी तुमच्यात नाही. दुसरं काय." त्यानं टोपी फिरवली. "खाली बसलो. वर जायचा धीर होईना. ते तिघं एवढे मोठे, मी एवढासा. माझं पितळ सुद्धा त्यांच्याच ओळखीतनं यायचं. अर्धा तास बसलो आणि उठलो. त्याच दिवशी माझ्या आईला जाऊन वर्ष झालं होतं, म्हटलं चर्च तरी शोधू. चर्चमध्ये बसलो. तिथे कोण साक्षीदार? मेणबत्त्या."

"हे सगळं सांगितलंत तुम्ही वकिलाला?"

"सांगितलं. तो म्हणतो, पुरावा काय. वर जाऊन मोठ्यानं बोलला असतास तर सुटला असतास, म्हणतो. न बोलता खालच्या खाली निघून गेलो, तेही चाललं असतं. पण मी खोलीत होतो म्हणतात ना. बसून होतो म्हणतात." तो जरा जवळ आला. "बाय, एक विचारू? तुझ्या पक्षाचं आहे, पण तू आपली म्हणून विचारतो. हा ग्रूबर. वीस वर्षं ओळखतो मी त्याला. खोटारडा नाही तो. विसरभोळा आहे. माझं नाव विसरतो, बायकोचा वाढदिवस विसरतो. पण मला सांग, विसरणारा माणूस गाळतो. घालत नाही. मग हे संत्रं त्यानं कुठून..."

तो बोलायचा थांबला.

माझ्या हातांकडे बघत होता. मी पण बघितलं.

माझे बाबा अजनीच्या मालगुदामात कारकून होते. संत्र्यांच्या हंगामात पेट्या फुटायच्या, मग संध्याकाळी खिशातून दोनचार यायची घरी. ओसरीवर बसून बाबा सोलायचे. मोकळ्या सालीचं संत्रं ते, भसकन तुटतं. 'तुटू द्यायची नाही, कुंदे,' म्हणायचे, आणि नखानं हळूहळू फिरवत सबंध साल काढायचे, वेटोळं करून माझ्या मनगटावर बसवायचे, टोक वर उभं करायचे. साप. मग त्या सापाची गोष्ट, रोज नवी, शेंडाबुडखा नसलेली. मी तीनचार वर्षांची असल्यापासून हातांना ते शिकवलेलं. त्यांना माझी परवानगी लागत नाही.

खिडकीच्या कट्ट्यावर साप बसला होता. तुटलेला नाही. फणा वर.

फुर्तादोनं तो जबाब वाचलेला होता. खात्यात जाऊन, समोर माणूस बसवून वाचू देतात, नक्कल देत नाहीत. अशा वेळी माणूस शब्द न् शब्द लक्षात ठेवतो.

"हें कोणें शिकयलें तुका?" तो म्हणाला. आता मराठी नव्हती. कोकणी होती.

"बाबांनी," मी म्हणाले.

घंटा झाली. लोक कप ठेवून आत जायला लागले. देक्लर्क दारातून मला खूण करत होता. फुर्तादो तसाच उभा. मग त्यानं हात पुढे केला आणि तो साप उचलला. उघड्या हातानं, अलगद, मोडू नये असा. तळहातावर घेतला, बोटं मिटली आणि आत गेला.

मी माझ्या जागी येऊन बसले. खिडकीपाशी.

अध्यक्ष म्हणाले, आता शेवटची फेरी. सगळ्यांना विचारायचं, आणखी काही सांगायचंय का. पहिला मान आमचा.

"कंपनीच्या वकील, मिसेस पोतनीस. त्या मार्चच्या बैठकीबद्दल तुमच्या जबाबात काही दुरुस्ती करायची आहे?"

समोर, दाराजवळ, त्यानं मूठ टेबलावर आणून ठेवली होती. उघडली. तळहातावर साप. आजूबाजूच्यांना काय, म्हाताऱ्यानं सुट्टीत काहीतरी खाल्लं असेल, टाकायला डबा सापडला नसेल. त्याच्या वकिलानं सुद्धा बघितलं नाही, तो कागद गोळा करत होता. म्हातारा माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. शाळेत एखाद्या पोराला उत्तर येतंय हे ठाऊक असलेला मास्तर थांबून बघतो, तसा.

बोलले असते तर काय झालं असतं, ते मला बसल्या जागी दिसत होतं. जबाबात एक गोष्ट रचलेली निघाली की माफी जाते. ग्रूबरची कंपनी जाते. माझं नाव कागदावरून जातं, वकिली जाते, आणि देक्लर्क लोकांना सांगत फिरतो की मी तिला बजावलं होतं, पदरचं घालू नकोस. हे सगळं एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात एक म्हातारा, मडगावचा.

शेजारी ग्रूबर हळूच म्हणाला, "काही नाही ना आपलं?"

"काही नाही," मी म्हणाले. मग माइकचं बटण दाबून म्हणाले, "आमचं काही म्हणणं नाही."

दुभाष्यांनी ते अकरा भाषांत सांगितलं. कानातल्या यंत्रांतून कुजबुज झाल्यासारखी आली आणि गेली.

एकेकाला विचारत अध्यक्ष शेवटी दारापाशी पोचले. "श्रीयुत फुर्तादो?"

तो उठून उभा राहिला. मी टेबलाची कड धरली. आता सांगेल, म्हटलं. या बाईचे हात बघा, म्हणेल.

"नाही," तो पोर्तुगीजमध्ये म्हणाला. "माझं सांगून झालंय." आणि बसला.

निकाल पुढच्या उन्हाळ्यात आला. त्यात एकशे अठरावा परिच्छेद त्याच्यावर आहे. मला पाठ आहे. 'सदर गृहस्थ बैठकीला हजर होते. चाललेलं सर्व ऐकत होते. त्यांनी कोणत्याही वेळी स्वतःला वेगळं केलं नाही.' फाउंड्री दिवाळीच्या सुमारास बंद झाल्याचं व्हिटकमनं मला एका जेवणात सहज सांगितलं, सूप पिता पिता. आणखी दीडदोन वर्षांनी त्यानंच सांगितलं की म्हातारा गेला. कुठल्या कड्या लावल्या होत्या, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी विचारलं होतं.

मी त्यानंतर अकरा वर्षं काम केलं. जबाब द्यायला मलाच बोलवायचे. पोतनीसबाई बोलल्या की टेपसुद्धा ऐकते, असं म्हणायचे ब्रसेल्समध्ये. मी पुन्हा कधी पदरचं घातलं नाही. त्याची गरजच पडली नाही. माझ्या आवाजावर लोक आता तसेच विश्वास ठेवायला लागले होते.

पण त्या दिवशीचं एक राहिलं.

सुनावणी संपली. खुर्च्या सरकल्या, लोक कोट घालायला लागले. देक्लर्क ग्रूबरला घेऊन पुढे गेला. मी पिशवीत कागद भरत होते. माझ्या कागदांवर सावली पडली. फुर्तादो. टोपी डोक्यावर घातलेली. त्यानं तो साप माझ्या पाटीसमोर ठेवला, पोतनीस नावाच्या खाली. मिटलेल्या मुठीत जरा चेपला होता, फणा वाकला होता. तुटला नव्हता.

"तुझा राहिला होता, बाय," तो म्हणाला.

मग जाताना आपण करतो तसा त्यानं हात पुढे केला. सबंध तळवा लाल होता. बोटं सुजून जवळ आलेली, मनगटापर्यंत गांधी उठलेल्या, अस्तनीच्या आत चढत चाललेल्या. सभागृहात अजून चाळीस माणसं होती. लेहतोबाई चार पावलांवर उभ्या राहून चष्मा पुसत होत्या.

मी हात हातात घेतला. खूप गरम होता. मी काही बोलले नाही.